लग्नात पाऊस

"पातेल्याची खरवड खाऊ नकोस, तुझ्या लग्नात पाऊस पडेल!" ही धमकी लहानपणी ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. बासुंदीची कढई असो की खिचडीचे पातेले, तळाशी लागलेला तो खमंग थर उलथन्याने खरवडायला आपण बसावे आणि आजीने तेवढ्यात हे भाकीत करावे, असा घरोघरचा रिवाज होता. पावसाचा आणि पातेल्याचा संबंध काय, हे आजीला विचारण्याची प्राज्ञा नव्हती. खरवड मात्र आपण खात होतोच.

आजीचे ते शास्त्र खरे मानायचे, तर २०२५ च्या मे महिन्यात ज्यांची ज्यांची लग्ने झाली त्या सगळ्या वधूवरांनी जन्मभर पातेलीच चाटली असली पाहिजेत. त्या महिन्यात महाराष्ट्रभर ठिकठिकाणी वळवाने धुमाकूळ घातला. आणि वळीव संपून ऊन पडेल म्हणावे तो मोसमी पाऊसच येऊन ठेपला. केरळात तो १ जूनला यायचा, तो २४ मेला आला. मुंबईत ११ जूनला यायचा, तो २६ मेला आला. मुंबईत इतक्या लवकर तो १९५० पासून कधीच आला नव्हता. ज्यांनी वैशाखातला मुहूर्त धरून, कोरड्या आकाशाच्या भरवशावर उघडी लॉन्स ठरवली होती, त्यांची काय त्रेधा उडाली असेल ते सांगायला नको.

वाचकहो, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा घरात चकलीचा घाणा चालू असेल आणि तुळशीचे लग्न पंधरवड्यावर आले असेल. तुळशीचे लागले की माणसांची लागायची. म्हणजे ज्यांच्या घरी कार्य आहे ती मंडळी आत्ताच कार्यालये, आचारी, वाजंत्री आणि फोटोग्राफर यांच्यामागे धावत असणार. तेव्हा दिवाळीच्या दिवसांत पावसाच्या गोष्टी काढल्याबद्दल मला कोणी दोष देऊ नये. कार्तिकातसुद्धा तो येतो. २०२३ साली २६ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशी, उत्तर महाराष्ट्रात आणि शेजारी गुजरातेत असा काही पाऊस झाला, कुठे कुठे गाराही पडल्या, की तुळशीच्या मांडवाचे ऊस आडवे झाले. आमच्या नंदुरबारला तर त्या दिवसांत लाल मिरची पथारीवर वाळत पडलेली असते. ती भिजली. ज्यांची मिरची भिजली त्यांच्यापुढे लग्नातल्या फोटोंचे दुःख काढणे शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मिरचीवाल्यांच्या घरीही लग्ने असतातच.

आपले पूर्वज या बाबतीत मोठे धोरणी. आषाढ शुद्ध एकादशीला देव झोपतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात; मधल्या चार महिन्यांत लग्नमुंजी नाहीत. देवांची झोप बाजूला ठेवली तरी यात व्यवहार किती आहे पाहा. नद्यांना पूर, रस्त्यांत चिखल, शेतात पेरणी-निंदणी, घरात धान्य संपत आलेले. अशा दिवसांत दोन-चारशे माणसांचे वऱ्हाड कुठून आणायचे आणि त्याला खायला काय घालायचे? आमच्या जिल्ह्यातून तापी वाहते आणि उत्तरेला सातपुडा आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या घाटवाटा आणि ओढे ज्यांनी श्रावणात पाहिले आहेत त्यांना चातुर्मासाचे धर्मशास्त्र वेगळे समजावून द्यावे लागत नाही. अलीकडे पंचांगवाल्यांनाही काळाची पावले ओळखावी लागली आणि चातुर्मासातले 'आपत्कालीन मुहूर्त' छापावे लागले. परदेशातून पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला मुलगा ही आजच्या काळातली मोठी आपत्ती, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु पूर्वजांनी बंदोबस्त केला तो मोसमी पावसाचा. वैशाख-ज्येष्ठातल्या वळवाचा केला नाही. आणि तो करण्याची त्यांना गरजही वाटली नसावी. आमच्या खानदेशात आखाजी झाली की लग्नांची घाई. अंगणात मेढी रोवून वर आंब्या-जांभळाचे डहाळे टाकले की मांडव झाला. वळवाची सर आली तर माणसे भिजत, हसत, पडवीत शिरत आणि पुन्हा बाहेर येत. भिजण्याने लग्नाचे काहीच बिघडत नव्हते. बिघडू लागले ते मांडवात फोटोग्राफर आल्यापासून!

माझ्या आईवडिलांचे लग्न १९७४ सालचे, ज्येष्ठातले, शहाद्याच्या बाजूला तापीकाठच्या एका गावी. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावे लागले. फोटोग्राफर नंदुरबाराहून एस.टी.ने आला होता, गळ्यात कॅमेरा आणि बगलेत घडीची तिवई घेऊन. बारा फोटोंचा एकच रोल. त्याचा बेत असा होता की अक्षता पडल्या की एक, सप्तपदीचा एक, आणि ऊन जरा कलले की सगळ्या मंडळींना मांडवापुढे बसवून मोठा ग्रूप काढायचा. ऊन कललेच नाही. ते एकदम विझले. चार वाजता असा वळीव आला की मांडवाची एक बाजू बसली. अक्षतांचे दोन फोटो अंधारात काढले होते, ते पुढे धुतल्यावर कोळशासारखे निघाले. पाऊस थांबेपर्यंत शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली आणि फोटोग्राफर तिवई डोक्यावर धरून निघून गेला. त्यात त्याची काय चूक? दुसऱ्या दिवशी त्याला दुसरे लग्न होते.

मग आठ दिवसांनी नवरानवरी नंदुरबारला त्याच्या स्टुडिओत गेली. पुन्हा मुंडावळ्या बांधल्या, पुन्हा शालू नेसवला. मागे पडद्यावर एक सरोवर, त्यात दोन हंस आणि पलीकडे बर्फाचे डोंगर. तो फोटो आजही आमच्या बैठकीत आहे. वडील ताठ, आई खाली पाहते आहे, हंस मात्र मजेत. मी लहानपणी समजत असे की आईबाबांचे लग्न काश्मिरात झाले.

एकदा मी आईला म्हटले, "फोटो काय सुरेख आला आहे गं!" ती म्हणाली, "आलाय चांगला. पण त्यात माझं माहेर नाही." तिचे वडील लग्न आटोपल्यावर गावीच राहिले, पेरणीचे दिवस. पुढच्याच वर्षी ते गेले. बापलेकीचा एकत्र असा एकही फोटो नाही. मांडवापुढच्या त्या ग्रूपमध्ये तो निघायचा होता.

हे सगळे मला पुन्हा आठवायचे कारण माझ्या भाचीचे लग्न. तेही २०२५ च्या मे महिन्यातच, तिसऱ्या आठवड्यात, शहाद्याजवळच्या एका लॉन्सवर. आमच्या दाजींनी जागा माघातच ठरवली होती. हिरवळ, मधोमध व्यासपीठ, कारंजे, आणि प्रवेशदारी दोन हत्ती, चुन्याचे. मुहूर्त संध्याकाळचा. मुलाकडच्यांना हवाई फोटोंची हौस होती, म्हणजे ते भिरभिरे आकाशात सोडून वरून लग्न टिपायचे. सगळे झकास ठरले होते, आणि मेच्या पहिल्या आठवड्यापासून रोज दुपारी ढग जमू लागले.

मी मुलीचा मामा. बोहल्यापर्यंत नवरीला आणण्याचे काम मामाचे. त्यामुळे या प्रकरणात माझा अधिकार मोठा आणि उपयोग थोडा. परंतु फोटोग्राफर निघाला माझाच एक जुना विद्यार्थी. बी.ए.ला मराठी घेतले होते पोराने. भाषाविज्ञानाच्या पेपरात तो काठावर सुटला, पण उजेडाच्या व्याकरणात त्याने मला चांगलेच शिकवले. आम्ही दोघे आणि दाजी लग्नाच्या आठ दिवस आधी त्या लॉन्सवर जाऊन आलो. त्या तासाभरात जे कळले ते ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. वळीव हा दुपारनंतरचा पाहुणा आहे. जमीन दिवसभर तापते, तापलेली हवा वर चढते, ढग बांधले जातात आणि चारपासून आठपर्यंत कोसळतात. म्हणजे नेमकी आजकालच्या लग्नांची वेळ! सकाळी अकराचा मुहूर्त गावंढळ आणि संध्याकाळचा सातचा झोकदार, असे आपण ठरवून टाकले आहे. ढगांनीही तीच वेळ पसंत केली आहे. वैशाखातले लग्न उघड्यावर करायचे तर सकाळच्या मुहूर्ताला तोड नाही. नोव्हेंबरातला अवकाळी मात्र घड्याळ पाहत नाही. तो केव्हाही येतो.

"पण सर," माझा विद्यार्थी म्हणाला, "आधी पाऊस येत नाही. आधी वारा येतो." हे अगदी खरे. ढग कोसळायच्या आधी थंड हवेचा लोट खाली येतो आणि मांडव उडतो तो त्या लोटाने. म्हणून दोर आणि खुंट पाहायचे ते पावसासाठी नव्हे, वाऱ्यासाठी. नंतरचे भय पाण्याच्या वजनाचे. दाजी हिशेबातले पक्के, त्यांनी तिथेच कागद काढला. चाळीस फूट रुंद, साठ फूट लांब मांडव म्हणजे सुमारे २२३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एक किलो. वळवाने तासाभरात वीस मिलिमीटर पाणी टाकले तर छतावर जवळजवळ साडेचार टन! सपाट, झालरी लावलेले छत हे पाणी पोटात धरून ठेवते, फुगत जाते, आणि मग कोणीतरी शहाणा बांबूने खालून ढोसतो. ते सगळे खाली बसलेल्या विहीणबाईंच्या अंगावर येते. छताला मधे उंची आणि कडेला उतार पाहिजे; दिसायला कमी देखणे दिसले तरी चालेल. आणि विजेच्या तारा गवतावरून नेऊ नयेत, मुख्य जोडणीवर गळती होताच वीज तोडणारी कळ असावी. ओल्या गवतावर अनवाणी उभी असलेली माणसे आणि रोषणाईची जुनी वायर, यापुढे फोटोबिटो सगळे विसरावे.

दुसरे, उजेडाचे. माझी समजूत अशी होती की ढगाळ दिवस म्हणजे फोटोला वाईट. विद्यार्थी हसला. भर उन्हात डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, कपाळे चकाकतात, माणसे डोळे बारीक करतात. ढगाआडून येणारा उजेड दहावा हिस्साच असतो, पण तो चोहोकडून सारखा येतो. चेहरे मऊ दिसतात, शालूचा रंग खरा उतरतो. "ढग वाईट नाहीत सर, ताडपत्री वाईट," असे त्याने एक सूत्रच सांगितले. निळ्या ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड सगळ्यांना निळे करतो. व्याही नीलकंठ, विहीण नीलकंठी, आणि हळद लागलेली नवरी तेवढी हिरवी! लाल-पिवळ्या कनातीखालीही तीच गत. छत पांढरे असावे. ताडपत्री निळीच मिळाली तर तिच्याखाली पांढरे कापड ताणून घ्यावे. छत्र्यांचेही तसेच. रंगीत छत्रीखालचे माणूस छत्रीच्या रंगाचे होते. पांढरी किंवा पारदर्शक बरी. अशा डझनभर छत्र्या आधीच घेऊन ठेवल्या तर फोटोत बरे दिसते आणि पाहुण्यांचीही सोय होते.

पाऊस फोटोत दिसावा अशी हौस असेल तर दिवा माणसांच्या मागे ठेवायचा, म्हणजे थेंब मोत्यांच्या सरींसारखे चमकतात. तोच दिवा समोरून मारला तर सगळ्या चित्रावर पांढरे ठिपके उमटतात, जणू नवरानवरीला देवी आल्या आहेत. आणि कॅमेरा गार खोलीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत आणला की काचेवर बाष्प धरते. अर्धा तास आधी बाहेर आणून ठेवावा. ही गोष्ट फोटोग्राफरांना ठाऊक असते, पण त्यांना जेवायला गार खोलीत नेणारे आपण असतो.

तिसरी गोष्ट मात्र ना दाजींना सुचली ना विद्यार्थ्याला; ती मला सुचली, कारण चालायचे मला होते. व्यासपीठावर छप्पर, जेवणावर छप्पर. पण नवरीच्या खोलीपासून व्यासपीठापर्यंतची साठ पावले उघडी! आचारीखान्यापासून पंगतीपर्यंतचीही उघडी. सगळे लोक जागा झाकतात, वाटा झाकत नाहीत. माझ्या आग्रहावरून त्या दोन वाटांवर चार-चार खांब उभे राहिले आणि छत पडले. गवतावर फळ्याही टाकल्या. एरवी शालूचा काठ चिखलात जातो आणि रेशमावरचा चिखल वाळला की डाग राहतो.

आणि चौथी गोष्ट, जी सर्वांत महत्त्वाची, ती माझ्या आईने सांगितली. ती सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. आम्ही वारा, वजन, उजेड यांवर चर्चा करीत घरी आलो तेव्हा ती गव्हातले खडे वेचीत होती. सगळे ऐकून घेऊन ती आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाली, "पहिले मानसेसना फोटू काढा, मंग मांडवना."

तिच्या त्या एका वाक्यापुढे आमचा बेत उलटापालटा झाला. विद्यार्थ्याने कागद घेतला आणि आम्ही यादी केली. कोणते फोटो नंतर कधीही निघू शकतात, आणि कोणते त्या दिवशी निघाले नाहीत तर पुन्हा निघणारच नाहीत? हार घालताना, कारंज्यापाशी, चुन्याच्या हत्तीपाशी, हे सगळे आठ दिवसांनीही निघेल. हंसांच्या पडद्यापुढेसुद्धा निघेल. परंतु नवरीचे आजी-आजोबा, नाशिकहून व्हीलचेअरवर आलेली दाजींची आत्या, मुलाची नव्वदीला टेकलेली पणजी; ही माणसे एका ठिकाणी पुन्हा कधी येणार? त्यांचे फोटो मुहूर्तानंतर 'निवांत' काढायचे, असाच सगळीकडे रिवाज आहे. निवांतपणा लग्नात कधी नसतो. आणि म्हाताऱ्या माणसांना जेवून लवकर घरी जायचे असते. पाऊस आला तर त्यांना सर्वांत आधी गाडीत घालून नेतात.

म्हणून त्या दिवशी सकाळी दहा वाजता, हळद उतरायच्या आधी, ताईच्या घराच्या ओसरीवर फोटो निघाले. ओसरीचा उजेड हा फोटोसाठी फार चांगला, असे विद्यार्थ्याचे मत. वर छप्पर आणि समोर मोकळे आकाश. नवरी साध्या पातळात, मध्ये माझी आई आणि वडील, खाली पोरे. मुलाकडची पणजी दुपारी उतरण्याच्या ठिकाणी येताच तिचा फोटो तिथल्याच व्हरांड्यात नातवंडा-पणतवंडांसह काढला. विहीणबाईंना आधी जरा विचित्र वाटले. "अहो मामा, अजून लग्न लागलं नाही आणि फोटो कसले?" असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "विहीणबाई, पाऊस मुलीकडचा नाही आणि मुलाकडचाही नाही, त्याचं काही सांगता येत नाही." त्या हसल्या आणि स्वतःही पदर सावरून बसल्या.

संध्याकाळी सहाला वारा सुटला आणि पावणेसातला पाऊस आला. भिरभिरे पेटीतच राहिले. मंगलाष्टकांचे शब्द छतावरच्या तडतडीत ऐकू येईनात. भटजींनी आवाज चढवला, पावसानेही चढवला. हातातल्या अक्षता दमट होऊन त्यांचे कुंकू तळव्यांना लागले, आणि पुढे दोन तास सगळी मंडळी एकमेकांच्या पाठीवर थाप मारून लाल पंजे उमटवीत होती. जेवणाच्या बाजूला एका कोपऱ्यात गळले. वांग्याच्या भाजीचे पातेले तेवढे हलवावे लागले. आईवडिलांना आम्ही साडेसातलाच घरी पोचवले. त्यांचा व्यासपीठावर एकही फोटो नाही, पण त्याबद्दल कोणाला चुटपुट लागली नाही.

त्याच आठवड्यात, २० मेच्या संध्याकाळी, पुण्याला वानवडीत जे घडले ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. सातच्या सुमाराचा मुहूर्त, उघडे लॉन, आणि अक्षता पडायच्या ऐन वेळी मुसळधार पाऊस. पाहुणे आडोशाला धावले. थोडा वेळ वाट पाहिली, पाऊस हटेना. शेजारच्याच बंदिस्त सभागृहात एका मुसलमान कुटुंबाचा वलिमा, म्हणजे लग्नानंतरचे जेवण, चालू होते. मुलीकडच्यांनी जाऊन विचारले की तेवढ्या विधींपुरती जागा मिळेल का. त्या घरच्या यजमानांनी तत्काळ व्यासपीठ मोकळे करून दिले, त्यांच्या पाहुण्यांनी मांडामांडीला हात लावला, आणि मंगलाष्टके त्या सभागृहात झाली. नंतर दोन्हीकडची मंडळी बरोबरच जेवली. दोन्ही नवी जोडपी एकाच व्यासपीठावर उभी राहिली आणि त्यांचा एकत्र फोटो निघाला; तो पुढे देशभर पाहिला गेला. या फोटोची आगाऊ योजना कोणत्याही फोटोग्राफरला करता आली नसती. मला त्यातल्या त्या विचारायला गेलेल्या माणसाचे कौतुक वाटते. दुसऱ्याच्या भरल्या कार्यात जाऊन 'जरा जागा द्या' म्हणणे सोपे नाही. देणे हे तर त्याहून मोठे. आपल्याकडच्या किती लग्नांत, ऐन पंगतीच्या वेळी कोणी असे विचारले असते तर यजमानांनी आधी व्यवस्थापकाला बोलावले असते, याचा मी विचार करतो आणि मग तो सोडून देतो.

पाऊस सर्वत्र अपशकुनी समजतात असेही नाही. इटलीत भिजलेली नवरी भाग्याची, असे म्हणतात. मीरा नायर यांचा २००१ सालचा 'मॉन्सून वेडिंग' हा चित्रपट दिल्लीतल्या एका पंजाबी लग्नाचा. त्यात शेवटी वऱ्हाड पावसात मनसोक्त नाचते आणि कोणी ताडपत्री शोधायला धावत नाही. चित्रपटात ते ठीक आहे. तिथे शालूचे पैसे निर्माता देतो. वाङ्मयाचा अध्यापक म्हणून मी वर्गात मेघाचे गुणगान करतो. कालिदासाने त्याला निरोप्या केले, आणि आपल्या हवामान खात्याने २०१९ साली शेतकऱ्यांसाठी काढलेल्या अ‍ॅपलाही 'मेघदूत' हेच नाव दिले, याचा मला मनापासून आनंद झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' तर वीस-चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडण्याचा संभव असेल तर आधी सांगते. त्या दिवशी ते दाजींच्या फोनवर होते. पणजीला आधी गाडीत बसवले ते त्याच्याच सांगण्यावरून.

लॉन्सच्या पावतीबद्दल दोन शब्द सांगायचे राहिले. पावती घेताना तिची मागची बाजू वाचावी. आमच्या पावतीवर बारीक अक्षरात 'नैसर्गिक आपत्तीस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही' असे होते, आणि पावसाला आपत्ती म्हणायचे की नाही यावर दाजींची आणि व्यवस्थापकांची बरीच घासाघीस झाली. पाऊस आल्यास बंद सभागृह मिळणार का, किती माणसांचे, कोणत्या भाड्याने, आणि हा निर्णय किती वाजेपर्यंत कळवायचा, एवढे चार प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. फोटोग्राफरशीही आधीच बोलावे.

ताडपत्रीचे सांगतो आणि संपवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी मंडपवाल्याने हात वर केले. पावसामुळे त्याच्याकडची सगळी ताडपत्री आधीच गेलेली. शेवटी दाजींच्या ओळखीने नंदुरबारच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडून आणली; मे महिन्यात पथाऱ्या रिकाम्या, त्यामुळे त्याने आनंदाने दिली. खाली पांढरे कापड ताणले, फोटो स्वच्छ आले. मात्र हिवाळाभर मिरची झाकलेली ती ताडपत्री. पाऊस पडून हवा दमट झाली तसा तिचा वास खाली उतरला, आणि अंतरपाटापलीकडून नवरदेवाची पहिली शिंक आली. दुसरी भटजींची. हे वैशाखात जमले; पण कार्तिक-मार्गशीर्षातल्या तारखा ज्यांनी धरल्या आहेत त्यांनी आमच्यासारखे मिरचीवाल्यांच्या भरवशावर राहू नये. त्या दिवसांत आभाळ भरून आले की त्यांची ताडपत्री त्यांच्याच मालावर असते. मंडपवाल्याला आत्ताच सांगून ठेवावे, आणि सांगताना पांढरी म्हणून सांगावे.